झाशीच्या नगऱ्यातल्या अंगणात शेवगा की निंब?

उत्साही : काका, घरापुढची पट्टी या पावसाळ्यात रिकामी ठेवायची नाही, एवढं नक्की झालंय. भिंतीपासून नालीपर्यंत दहा फूट रुंद आणि तीसेक फूट लांब. तिथे मी शेवगा लावणार. तुम्ही नाक मुरडायच्या आधी माझं ऐकून घ्या. आपली माती लाल, राकड. हातभर खणलं की मुरूम लागतो आणि त्याखाली बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट. पाणी साचत नाही, निथळून जातं. शेवग्याला हेच मानवतं. मुळाशी पाणी तुंबलं तर तो कुजतो, कोरड्यात मात्र तग धरतो. बी टोकलं की दहा-बारा दिवसांत कोंब वर येतो. पीकेएम-१ घेतली तर वर्षाच्या आत शेंगा. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमला ती जात तयार झाली आणि १९८९पासून शेतकऱ्यांकडे आहे. आपल्याकडची हवी असेल तर दापोलीची कोकण रुचिरा आहे. बरं, एकाच झाडाची पानं, फुलं, शेंगा, तिन्ही खायच्या. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. आपण झाशीकर मात्र फक्त आमटीतली शेंग ओळखतो. अंगणातून तोडावं आणि थेट फोडणीला टाकावं, असं दुसरं झाड दाखवा मला.

साशंक : दाखवायला कढीपत्ता आहे, पण ते राहू दे. झाड किती लवकर येतं एवढ्यावरच तू ते निवडते आहेस. मी मे महिन्याचा विचार करतो. पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी लू सुटलेली, बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेव्हा शेवग्याखाली उभी राहून बघ. पानं ती एवढीएवढीशी, सावली चाळणीतून गाळल्यासारखी. निंब फेब्रुवारी-मार्चात पानं टाकतो, चैत्रात तांबूस पालवीने भरून येतो, आणि ऐन वैशाखात, बाकीची अर्धी झाडं खराटे झालेली असतात तेव्हा, दाट हिरवा असतो. मक्केजवळ अराफातच्या मैदानावर हजच्या यात्रेकरूंना सावली हवी म्हणून हजारो झाडं लावली गेली. कुठली लावली? निंबाची. वाळवंटात सावलीसाठी झाड निवडायची वेळ आली तेव्हा त्या लोकांनी आपलं झाड उचललं. आणि तू नगऱ्यात राहून शेंगांचा हिशोब करतेस. शेंगा हाटातून आणता येतात, सावली आणता येत नाही.

उत्साही : सावली हवी हे मान्य. पण ती कुणाच्या जागेत पाडणार? पूर्ण वाढलेल्या निंबाचा पसारा तीस-चाळीस फुटांचा. माझी पट्टी दहा फुटांची. एका बाजूला भिंतीचा पाया, दुसऱ्या बाजूला नाली, मध्ये नळाची पाइप आणि डोक्यावरून विजेच्या तारा. मुळं ओलाव्याच्या मागे जाणार, म्हणजे नालीत आणि पाइपच्या सांध्यात. वर फांद्या तारांना टेकल्या की पावसाळ्याआधी माणसं येणार आणि मधला शेंडा उडवून झाड दुबेळकं करून जाणार. गावात असे निंब किती आहेत ते तुम्हीच बघताय, दोन्ही अंगांनी फांद्या आणि मध्ये भगदाड. शिवाय उत्तर प्रदेशात निंब हे परवानगीशिवाय तोडता न येणारं झाड आहे. लावायला कुणाला विचारावं लागत नाही, काढायला वनखात्याकडे अर्ज. म्हणजे आज मी खड्डा खणला की पुढच्या दीडशे वर्षांचा निर्णय माझ्या हातून झाला, आणि तोही माझ्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांच्या वतीने. शेवगा चुकीच्या जागी लागला तर एका सकाळी काढून टाकता येतो. एवढ्याशा जागेत चूक दुरुस्त करता येणं हा मला झाडाचा मोठाच गुण वाटतो.

साशंक : सहज काढता येतं ते सहज मोडतंही. शेवग्याचं लाकूड ठिसूळ आणि पाणेरी. जळायला धड नाही, सुताराच्या तर काहीच उपयोगाचं नाही. वळवाच्या पहिल्या वावटळीत फांदी कडाडून खाली येते, आणि फांदी खोचून लावलेलं झाड असेल तर बुंध्यासकट आडवं होतं, कारण त्याला बियाच्या झाडासारखं खोल सोटमूळ नसतं. खाली तुझी स्कूटर किंवा कुणाचं पोर. जुन्या बायका दारात शेवगा नको म्हणत. त्याला अपशकुनाचं रूप दिलं होतं, पण मला वाटतं त्यामागे मोडलेले हातपाय असणार. पोरं शेंगांसाठी चढणार आणि फांदी दगा देणार. त्यात पावसाळ्यात केसाळ सुरवंट येतात. दिवसा बुंध्याला झुपक्याने चिकटून बसतात आणि रात्री पाला फस्त करतात. हात लागला की अंगभर खाज. आमच्या लहानपणी काठीला चिंध्या बांधून, रॉकेलात बुडवून, पलित्याने जाळायचे. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही.

उत्साही : पलिता कशाला? झुपका खाली असतानाच खरडून साबणाच्या पाण्यात टाकायचा, आणि वर फवारणी करायची पाच टक्के निंबोळी अर्काची. शेंगेत माशीची अळी पडते, तिच्यावरही हाच अर्क सांगतात.

साशंक : थांब, थांब. कसला अर्क म्हणालीस?

उत्साही : निंबोळी अर्क. हसा आता.

साशंक : हसणारच. शेवग्याची वकिली करता करता औषधाला माझ्याच दारात आलीस. बरं, तो करतात कसा, सांग बघू. माझी हरकत पुढे आहे.

उत्साही : झाडाखाली पिवळ्या पडलेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचायच्या. शिळ्या झाल्या की बुरशी धरतात. पाण्यात भिजवून चोळायच्या, गर वेगळा करायचा, बी सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलं की त्यातलं कडू सत्त्व कमी होतं. वाळलेलं पाच किलो बी भरडून रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण शंभर लिटर करायचं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. मला एवढं सगळं लागणारच नाही, दोन झाडांना बादलीभर पुरे. हाताला मात्र दोन दिवस वास राहतो.

साशंक : आता हरकत. हे पाच किलो बी कुठून आलं? तुझ्या पट्टीतून नाही. ते आलं कुणीतरी कधीतरी लावलेल्या निंबाखालून, जिथे तू एक रोपसुद्धा लावलेलं नाहीस. पाडव्याला आपण काय करतो? कोवळी पानं आणि फुलांचे तुरे, गूळ, हिंग, ओवा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून गोळी देतो प्रत्येकाच्या हातावर. आणि गुढीला डहाळी. ती डहाळी कोपऱ्यावरच्या निंबाची. कांजिण्या आल्या की अंघोळीच्या पाण्यात पाला, तोही तिथलाच. धान्याच्या डब्यात वाळका पाला, तोही. २०१५पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबतेलाचं आवरण द्यायचं ठरलं. तेलासाठी निंबोळी वेचणारी बाई कुठल्या झाडाखाली बसते? जे तिच्या मालकीचं नाही त्याच्या. सगळा देश न लावलेल्या निंबावर जगतो आहे. जो तो म्हणतो, मला निंब हवा, पण शेजारच्याच्या दारात.

उत्साही : हा टोला बसला. पण तो निंबाच्या बाजूने आहे असं मला वाटत नाही. उलट ते झाड खासगी अंगणाचं नाहीच, असं तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत. ज्याचा पाला, फळं, सावली सगळ्या मोहल्ल्याची, त्याचा कचरा आणि मुळं तेवढी एका घराने का सोसायची? फेब्रुवारीत महिनाभर पानगळ झाडा, मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा, जूनअखेरपासून निंबोळ्यांचा चिकट सडा, त्यावर माश्या, आणि रात्री वटवाघळं. अंगण कोण झाडतं हो तुमच्या घरी? काकूंना विचारून बघा निंब हवा का.

साशंक : काकूला मध्ये घेऊ नकोस, ती तुझ्याच बाजूने बोलेल. कचऱ्याचं म्हणतेस ते खरं आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की तुझ्या शेवग्याची जी देखभाल आहे तिचा तू हिशोबच धरलेला नाहीस. झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा. बहर संपला की जमिनीपासून तीनेक फुटांवर छाटायचं. दर वर्षी. नाही छाटलं तर दोन-तीन वर्षांत ते तीस फूट उंच जातं आणि सगळ्या शेंगा शेंड्याला, आकडीच्याही वर. मग त्या खाणार पोपट आणि बघणार आपण. नगरा म्हणजे रेल्वेचं गाव. वर्कशॉपमुळे माणसं आली, घरं बांधली, आणि त्यांची पोरं पुण्याला, नोएडाला गेली. तू तरी इथे किती वर्षं आहेस? दर वर्षी ज्याला माणूस लागतो असं झाड तू अशा वस्तीत लावतेस जिथे माणूसच टिकत नाही. निंबाला काय लागतं? पहिले तीन उन्हाळे पाणी आणि कुंपण. त्यानंतर त्याला तुझी गरज नाही.

उत्साही : त्या तीन उन्हाळ्यांतच तर सगळं मरतं, काका! तुम्ही ते असे बोललात जणू ती किरकोळ अट आहे. आपल्याकडे वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे आठ महिने कोरडे. जुलैत समारंभाने झाड लागतं, फोटो निघतो, आणि मेमध्ये तिथे वाळकी काडी आणि तुटकी ट्रीगार्ड. त्यात आपली अन्ना प्रथा. रब्बी निघाली की गुरं मोकळी. जे दिसेल त्याला तोंड लावणार.

साशंक : अन्ना गुरांचा मुद्दा तू काढायला नको होतास. गाय कडू पाल्याच्या वाटेला सहसा जात नाही, शेळी तेवढी ओरबाडते. तुझा शेवगा म्हणजे गुरांना मेजवानी. त्याचा पाला चारा म्हणून मुद्दाम लावतात लोक. कुंपणाबाहेर एक कोंब उरायचा नाही.

उत्साही : उरायचा नाही, पण परत फुटेल. शेवग्याचं मूळ गाजरासारखं जाड असतं, ओलावा धरून ठेवतं. थंडीत कधी शेंडा करपला, गुरांनी वरचं खाल्लं, तरी खोडातून नवा धुमारा येतो. मान्य, निंबही तोडल्यावर फुटतो, पण तो मोठा झालेला. वर्षाच्या रोपाचा शेंडा गेला की त्याचं कठीण असतं. मला वाटतं आपण दोघं देखभाल हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतोय. माझ्या झाडाची देखभाल म्हणजे त्याचा उपयोगच. पाला खुडला की छाटणी झाली, छाटणी केली की नवा पाला आला. भाजी हवी म्हणून मी झाडाकडे जाणारच, वेगळी आठवण लागत नाही. तुमच्या झाडाची देखभाल म्हणजे तीन वर्षं काहीही न मिळता पाणी घालत राहणं, आणि पुढे शंभर वर्षं त्याला हात न लावणं. पहिलं काम घरातली कुणीही बाई करते. दुसरं काम फार थोडी माणसं करतात, आणि ज्यांनी केलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

(इथे लिहिणाऱ्याचं एक मत नोंदवून ठेवतो. दोघांच्या वादात इतका वेळ जी गोष्ट निसटत होती ती शेवग्याच्या बाजूने सापडली, हे निंबवाल्यांना आवडणार नाही.)

साशंक : हे तू चांगलं पकडलंस. पण त्यातून निष्कर्ष कुठला काढायचा? ज्याच्यापासून लगेच मिळतं तेवढंच माणसं सांभाळतात, म्हणून तेवढंच लावावं? मग शंभर वर्षांनी या वस्तीत फक्त शेवगे आणि पपया उरतील. आणि तुझ्या 'लगेच मिळण्या'बद्दलही मला शंका आहे. हल्ली शेवग्याच्या पाल्याची भुकटी डब्यांत विकतात. त्यावर लिहिलेलं असतं की संत्र्याच्या इतकी पट अमुक, दुधाच्या इतकी पट तमुक.

उत्साही : ती तुलना फसवी आहे, मीच सांगते. वाळवलेल्या भुकटीची तुलना ताज्या फळाशी आणि दुधाशी करतात. पाणी काढून टाकलं की कुठल्याही पाल्याचे आकडे फुगतात. शिवाय माणूस भुकटी खातो चमचाभर आणि दूध पितो पेलाभर. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे ते डबे नकोत. ताज्या पाल्याचं बोला. शंभर ग्रॅममध्ये सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं, कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, पालेभाजीतलं कधीच लागत नाही. तरीही डाळीत मूठभर पाला रोज पडला तर ते काही थोडं नाही, आणि फुकटात. आता तुमचा निंब बघू. निंब रात्रीही प्राणवायू सोडतो म्हणून त्याच्याखाली खाट टाकावी, असं सांगणारे आपल्या घरात किती?

साशंक : घरात सगळेच. आणि ते खोटं आहे. उजेडाशिवाय कुठलंही झाड प्राणवायू तयार करत नाही, निंबाला वेगळा नियम नाही. निंबाखाली गार वाटतं ते दाट सावलीमुळे आणि पानांतून उडणाऱ्या बाष्पामुळे, एवढंच. त्याहून धोकादायक समजूत म्हणजे निंबाचं जे जे ते निर्धोक. तान्ह्या बाळांना निंबतेल पाजल्यामुळे विषबाधा होऊन मृत्यू झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. बाहेरून लावायचं ते पोटात द्यायचं नाही.

उत्साही : शेवग्याच्या मुळाच्या सालीचंही तसंच. चवीला झणझणीत म्हणून चटणीत घालणारे असतात, पण ती विषारी आहे. घ्या, बरोबरी झाली.

साशंक : बरोबरी आणखी एका ठिकाणी आहे. १९५९मध्ये सुदानात टोळधाड आली. हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की टोळ सगळं खाऊन गेले, निंबाला मात्र धक्का नाही. निंब तिथे गेलेला आपल्याकडूनच. त्यानंतर त्याच्यावर जगभर कामं झाली. मग पेटंटची शर्यत. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं कृषिखातं यांना १९९४मध्ये निंबतेलाच्या बुरशीनाशकावर युरोपात पेटंट मिळालं होतं. हे तर भारतात आधीपासून माहीत आहे, असं दाखवून दिल्यावर २०००मध्ये ते रद्द झालं, आणि २००५मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

उत्साही : आणि त्याच सुदानात नाईलचं गढूळ पाणी निवळायला खेड्यातल्या बायका शेवग्याचं बी कुटून घालत होत्या. सामिया अल अझहरिया जान या जर्मन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात त्याचा अभ्यास केला. बियातली प्रथिनं मातीच्या कणांना धरून तळाशी बसवतात. पाणी निवळतं आणि बरेचसे जंतूही गाळाबरोबर खाली जातात. बरेचसे, सगळे नाही, म्हणून ते पाणी उकळावंच लागतं. म्हणजे बघा, दोन्ही झाडं आपली, आणि दोघांची पारख व्हायला सुदान गाठावा लागला.

साशंक : आपली झाडं म्हणतेस, पण आपण त्यांना जागा कुठे दिली? शेताच्या बांधाचं बघ. झाशीत १९८८पासून कृषिवानिकीचं राष्ट्रीय केंद्र आहे, ग्वाल्हेरच्या रस्त्यावर. २०१४मध्ये त्याचीच केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था झाली. त्याच वर्षी देशाचं कृषिवानिकी धोरण आलं, असं धोरण करणारा भारत जगात पहिला. पिकाबरोबर झाड कसं ठेवावं हा तिथला विषय. पण बांधावर निंब ठेवायला शेतकरी कुरकुरतो. झाडाभोवतीचा गहू खुरटतो, सावली आणि मुळं दोन्ही मारतात. तो म्हणतो, लाकूड माझ्या नातवाला आणि नुकसान मला. त्याला काय उत्तर देणार?

उत्साही : त्याला मी शेवगा सांगेन. ज्या विरळ सावलीची तुम्ही मघाशी टिंगल केलीत, तीच बांधावर कामाची. खालच्या भाजीला कोवळं ऊन पोचतं, पाला जनावरांना होतो, हाटात शेंगेचा पैसा मिळतो. तेही तो पाणी निथळणाऱ्या जमिनीत असेल तर. काबर किंवा मार या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल होतो, तिथे शेवगा कुजेल, आणि तिथे मी तो सांगणार नाही. शेंगेच्या पैशाचाही फार गाजावाजा नको. एप्रिलमध्ये सगळ्यांचीच झाडं लागतात आणि भाव पडतो. थंडीत शेंग महाग असते, पण तेव्हा आपल्याकडचं झाड गारठलेलं असतं. घरच्यापुरता शेवगा फायद्याचा. दहा बिघे लावायला निघालेल्याला मी आधी मंडीत चक्कर मारायला सांगेन.

साशंक : हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे तुझा उत्साह डोळस आहे. मग मीही माझ्या शंकेची दुसरी बाजू सांगतो. निंब अमर नाही. २०२१मध्ये तेलंगणात हजारो निंबांचे शेंडे वाळले, बुरशी आणि ढेकण्या कीड दोन्ही होत्या. बरीच झाडं पुन्हा फुटली, पण लोक हादरले. ज्याला काही होत नाही म्हणून आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, त्यालाही कुणीतरी बघणारं लागतं. 'त्याला तुझी गरज नाही' असं मी मघाशी म्हणालो, ते जरा मागे घेतो.

उत्साही : मग आता अडलं कुठे ते मला दिसतंय. माझ्या घरी बघणारी माणसं आहेत, पण निंबाएवढी जागा नाही. रेल्वेच्या हद्दीला, शाळेच्या मैदानाला, देवळाच्या मागे जागा आहे, पण तिथे पाणी घालणारं कुणी नाही. तुमचं झाड जिथे मावतं तिथे ते अनाथ, आणि जिथे त्याला घरदार मिळेल तिथे ते मावत नाही. शेवगा दोन्हीकडे कसातरी जमवून घेतो, म्हणून तो जिंकतो. तो निंबापेक्षा थोर आहे म्हणून नाही.

साशंक : तो जिंकतो हेच मला खटकतं. जमवून घेणारी झाडं लावत गेलो की मोठ्या झाडांची जागा मागायची सवयच सुटते. पालिकेला कुणी विचारत नाही की रस्ता आखताना झाडाची पट्टी पंधरा फुटांची का ठेवली नाही, तारा एकाच बाजूने का नेल्या नाहीत. प्रत्येक जण आपल्या दहा फुटांत शेवगा लावून मोकळा. तुझी भाजी होते, पण वस्ती तापतच राहते. तू बरोबर असशील, पण तुझ्यासारखे हजार जण बरोबर असले की मोहल्ल्यात एकही सावली उरत नाही.

उत्साही : आणि तुमच्यासारखे हजार जण निंबाची थोरवी सांगत बसले तरी उरत नाही. ते काय करतात? दुसऱ्याच्या निंबाखाली बसून शेवगेवाल्यांना नावं ठेवतात. चला, व्यवहाराचं बोलू. पट्टीत मी शेवगाच लावणार. बियाचाच, फांदीचा नाही, तुमची ती हरकत मी मानली. भिंतीपासून पाच फूट सोडून दोन झाडं, आणि दर वर्षी छाटणी. निंबासाठी तुम्ही जागा शोधा. तीन उन्हाळे पाणी मी घालीन, जाळीचा खर्च अर्धा-अर्धा.

साशंक : जागा माझ्या डोळ्यांसमोर दोन-तीन आहेत, पण एकही आपली नाही. कुणाची तरी परवानगी काढावी लागेल, आणि उद्या तिथे बांधकाम निघालं तर आपलं पाणी वाया. आणि तू बदली होऊन गेलीस तर?

उत्साही : गेले तर शेवगा नव्या भाडेकरूचा. निंबाचं पाणी तुमच्याकडे.

साशंक : मी सत्तरीला आलोय, अगं.

उत्साही : म्हणून तर घाई करा म्हणते. शेवग्याचं बी डब्यात वर्षभर राहील, पुढच्या पावसाळ्यात लावलं तरी चालेल. निंबोळीचं तसं नाही. जूनअखेरीला ती पिकून पडायला लागते, आणि त्यातलं बी दोन-तीन आठवड्यांतच जोम गमवायला लागतं. वेचली की गर काढून लगेच पिशवीत पेरावी लागते. परवानगीचा अर्ज त्याच्या आधी गेलेला हवा.